यील्ड म्हणजे काय काय

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी इंग्रजी कवितेच्या पेपरात मी नापास झाले, त्याचं मुख्य कारण म्हणजे मी एका चांगल्या मुलीला वांझ ठरवलं. मुलगी कवितेतली होती, त्यामुळे भांडायला कुणी आलं नाही. गुण मात्र गेले.

तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. बारावीनंतर डी.एड. केलं, लग्न होऊन शहाद्याजवळ ब्राह्मणपुरीला आले, आणि जवळच्या गावातल्या एका खाजगी शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवू लागले. शिकवत मी चांगलीच होते. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसले तर रिटायर होईन. बी.ए. करायचं मनात खूप वर्षं होतं. पोरं शिकायला बाहेर गेली, घरात दुपारची थोडी शांतता आली, तेव्हा मी बाहेरून फॉर्म भरला. विषय इंग्रजी. सगळे पेपर सुटले, हा एक राहिला.

राहिला तर राहिला, पुढच्या वेळी देऊ, असं माझं चाललं होतं. दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावलं.

“मॅडम, पाचवी ते सातवीचा पट फार उतरला. पोरं शहाद्याला इंग्लिश मीडियमला चालली. संस्था म्हणते, जूनपासून त्या तुकड्या बंद.”

“मग मी?”

“आठवी ते दहावीचं इंग्रजी आहे ना. आपले जुने सर मे महिन्यात रिटायर होताहेत. पण तिथे बी.ए. इंग्रजी लागतं, बी.एड. मागाहून केलं तरी संस्थेला चालेल. तुमचा तो एक पेपर...”

“जूनपर्यंत सुटेल.”

“सुटला तर उत्तमच. नाहीतर धुळ्याचे एक सर आहेत, एम.ए. आहेत, ते यायला तयार आहेत.” मग बाजारातून कोथिंबीर आणायला सांगावी तसं म्हणाले, “होऊन जा पास, मॅडम. एकच तर पेपर आहे.”

म्हणजे हिशेब सरळ होता. पेपर सुटला तर वरचे तीन वर्ग माझे. नाही सुटला तर मी घरी, आणि माझ्या खुर्चीवर धुळ्याचे सर. घरी बसून मला करमलं असतं का? शेत आहे, पपई आहे, कापूस आहे, कामाला तोटा नाही. पण मला वर्ग हवा होता. त्यात काही मोठं तत्त्वज्ञान नाही. खडू हातात घेतला की मला बरं वाटतं.

आता ती कविता सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका थंड देशातला डोंगराळ मुलूख. तिथला एक म्हातारा शेतकरी, त्याचं दगडी शेत आणि त्याची एकुलती मुलगी. पहिल्या कडव्यात शेत त्याला काही देत नाही, म्हणून तो ढेकळांना लाथा घालतो, शिव्या देतो. दुसऱ्या कडव्यात त्याच्या ताकदीचं वर्णन आहे. त्याने खांदा लावला की फाटक मागे सरतं, बैल मान खाली घालतो, सगळं घर त्याच्यापुढे वाकतं. शेजाऱ्याचं शेत त्याच्या शेताला लागून आहे. मुलगी त्या शेजाऱ्याला द्यावी, अशी त्याची इच्छा. आणि कडव्याच्या शेवटी ओळ येते की मुलीने मात्र यील्ड केलं नाही. तिसऱ्या कडव्यात बरीच वर्षं लोटलेली आहेत. बाप नाही. मुलीचे केस पिकलेत. बर्फ वितळतंय, ती शेतात उभी राहून ओली माती हातात घेते, आणि कविता संपते ती अशा अर्थाच्या ओळीवर की आता ती यील्ड करते. सबंध कवितेत हा शब्द चार-पाच वेळा येतो.

आता आमच्या भागात यील्ड हा इंग्रजी शब्द राहिलेलाच नाही. कापसाच्या बियाण्याची माणसं गावात येतात, चौकात पडदा लावून फिल्म दाखवतात, आणि दर दोन वाक्यांना यील्ड म्हणतात. बियाण्याच्या पाकिटावर यील्ड, खताच्या पोत्यावर यील्ड. माझी सासू शाळेची पायरी चढलेली नाही, पण तीसुद्धा कापसाकडे बघून म्हणते, “औंदा यील्ड बरी नही.” यील्ड म्हणजे एकरी उतारा, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळे परीक्षेत त्या शब्दाचा अर्थ विचारला तेव्हा मी खूश झाले. डिक्शनरी बघायची कधी गरजच वाटली नव्हती. सरळ लिहून टाकलं, की जसं शेत पीक देत नाही तशी मुलगीही मूल देत नाही; बिचारा बाप दोन्हीकडून दुर्दैवी. चांगलं पानभर लिहिलं. वांझ याला इंग्रजी शब्दही घातला, स्पेलिंगसकट बरोबर.

नापास झाल्यावर मी शहाद्याला एका कॉलेजात इंग्रजीच्या मॅडमना भेटायला गेले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी विचारलं, “ताई, त्या कवितेवर काय लिहिलं होतं, आठवतंय?”

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं. खांदे हलत होते.

“हसा मॅडम, मोकळेपणाने हसा,” मी म्हटलं. “नापास तर झालेच आहे, आता आणखी काय जाणार.”

“सॉरी ताई. पण ती वांझ नाही हो. ती ऐकत नाही. बाप म्हणतो त्या माणसाशी लग्न कर, ती म्हणते नाही करणार. यील्ड केलं नाही म्हणजे नमली नाही.”

“मग तसं स्वच्छ लिहायचं ना कवीने. नकार दिला म्हणायचं.”

“तसं लिहिलं असतं तर ती बातमी झाली असती. शेत, फाटक, बैल, मुलगी, सगळ्यांना त्याने एकच शब्द लावलाय. म्हणून तर ती कविता आहे.”

मग त्यांनी अर्थ सांगितले. पीक देणं हा एक. शरण जाणं, नमणं हा दुसरा. दाब दिल्यावर दबणं, मागे सरणं हा तिसरा. फाटक तसं सरतं. आणि चौथा म्हणजे समोरच्याला वाट देणं. अमेरिकेत म्हणे रस्त्यावर तिकोनी बोर्ड असतो, त्याच्यावर एवढा एकच शब्द, आणि तो वाचून लोक गाडी थांबवतात.

“आपल्याकडे लावला तर लोक त्या खांबाला बकरी बांधतील,” मी म्हटलं.

“ताई, बकरीचं राहू द्या. तुमचं लेखी काठावर जाईल. या पेपराला तोंडीचे गुण आहेत, ते तुम्हाला घ्यावेच लागतील. तोंडीला कविता आपण निवडायची असते. तुम्ही ही निवडू नका. ती छोटी निसर्गकविता आहे ना, पक्ष्याची, ती घ्या. सोपी आहे. पक्षी उडतो आणि संपते.”

मी हो म्हटलं आणि स्कूटी काढली.

रस्ताभर मी त्या कवीवर चिडलेली होते. एका शब्दाकडून चार-चार कामं करून घ्यायची ही कुठली पद्धत? मग डोक्यात आलं, की मी यील्डला मराठी शब्द कुठला वापरते? उतारा. आणि उतारा म्हणजे काय? एकरी येतो तो उतारा. तलाठ्याकडून आणतो तो सातबाराचा उतारा. पोरांना प्रश्नपत्रिकेत वाचायला देते तो उतारा. विषावर देतात तो उतारा. आजाऱ्यावरून ओवाळून तिठ्यावर ठेवतात, ज्याच्यावर पाय पडू नये म्हणून आपण गाडी बाजूने घेतो, तोही उताराच. आणि आजवर कधी माझा गोंधळ झाला नाही. तलाठ्याकडे जाऊन मी लिंबू-भात मागितला नाही. मग हा इंग्रजी शब्दच माझ्या हाताला का लागू नये? घरी पोचेपर्यंत कवीवरचा राग संपला होता आणि शब्दावर डोळा ठेवायचं ठरलं होतं.

त्याच दिवसांत आमच्या पपईची तोडणी सुरू होती. पपई लांब दिल्लीकडे जाते, त्यामुळे झाडावर पिकू देत नाहीत. फळावर एक पिवळी रेघ दिसली की तोडायचं, कागदात गुंडाळायचं आणि ट्रकमध्ये लावायचं. व्यापाऱ्याचा माणूस बांधावर येऊन माल बघतो. दर वर्षीचा तोच माणूस, दर वर्षीची तीच तक्रार. ढिगातलं एक फळ उचलून अंगठा दाबत तो म्हणाला,

“भाभी, माल नरम शे. दिल्लीलगून जावाव नही.”

“अंगठा काढ. तू दाबशी ते दगडबी नरम व्हई.”

“मी कोठे दाबी ऱ्हायनू? हात लावी दखस नुसता.”

“एकच फळ कव्हानं हातमां धरी ऱ्हायना तू. दुसरं ले.”

ही त्यांची जुनी युक्ती. एकाच फळाला बोलता बोलता दाबत राहायचं, ते एका जागी दबलं की सगळा माल नरम म्हणून भाव पाडायचा. पण दाबून मऊ केलेलं फळ आणि पिकून मऊ झालेलं फळ यांत फरक असतो. दाबलेल्याला एका जागी खळगा पडतो आणि तो तसाच राहतो. पिकलेलं सगळीकडून सारखं मऊ असतं, हात नुसता ठेवला तरी कळतं. मी त्याच्या हातातलं फळ घेतलं, त्याला खळगा दाखवला आणि ते बाजूला ठेवून दिलं. तो हसला. भाव ठरला तोच राहिला. ट्रक भरत होता तेव्हा मी बांधावर बसून मॅडमनी सांगितलेला तिसरा अर्थ मनात घोळवत होते, आणि मला वाटलं, यातसुद्धा दोन आहेत की. जोर लावला म्हणून दबणं वेगळं, आणि वेळ झाली म्हणून मऊ होणं वेगळं. शब्द मात्र एकच.

आता कविता मला सोडेना. भाकरी करताना मी ती पुटपुटायची. सासू ओट्याजवळ तुरीच्या शेंगा सोलत बसलेली.

“काय वं, कव्हानी काय पुटपुटी ऱ्हायनी?”

“कविता शे, आई. परीक्षानी.”

“सांग मंग. मन्हा हात मोकळा नहीत, कान मोकळा शेतस.”

मी अहिराणीत सगळी कविता सांगितली. दगडी वावर, कडक बाप, न ऐकणारी पोर, शेजारी. ती शेंगा सोलत ऐकत होती.

“शेजारी कसा व्हता? दारू पिये का?”

“ते कवितामां नही शे.”

“मंग काय उपेग. त्यान्हा आगोदर ते सांगाले पाहिजे.” आणखी दोन-चार शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, “आनि वावर? वावर कोनले गयं?”

“तेबी लिखेल नही.”

“नीट दख. वावरनी गोट कोनी सोडत नही.”

आमच्या सासूबाईंना जगातल्या कुठल्याही गोष्टीत शेवटी जमीन कुणाला गेली एवढंच हवं असतं. टीव्हीवरच्या मालिकेतही सासूने सुनेला छळलं, सुनेने सासूला छळलं, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. सातबाऱ्यावर कोण आहे ते सांगा. मी तेव्हा हसून सोडलं. पण रात्री जेवणं झाल्यावर पुस्तक उघडलंच, आणि मी कविता तलाठ्यासारखी वाचायला घेतली.

बाप ढेकळाला लाथ घालून शिवी देतो ते पहिलं कडवं मी आजवर भरभर वाचून पुढे जायची. या वेळी थांबले. तो म्हणतो, ती कंजूष आहे. ती. मराठीत जमीन ती असतेच, म्हणून माझ्या डोळ्याला तिथे कधी काही खटकलंच नव्हतं. पण इंग्रजीत जमीन ती नसते, ते असतं. सातवीच्या पोरांना मी स्वतः हे शिकवते: माणूस असेल तर ही आणि शी, बाकी सगळं इट. मग या बापाने शेताला शी का म्हटलं? आणि शेवटच्या ओळीत आता ती यील्ड करते, त्यातली ती कोण? मॅडमनी सांगितलं होतं की मुलगी. आयुष्यभर नाही म्हणाली आणि म्हातारपणी अखेर हरली. पण कवीने ती हा शब्द आधी जमिनीला वापरून ठेवला होता.

आणि वावराची गोष्ट? तीही होती. तिसऱ्या कडव्यात मुलगी मातीला हात लावण्याआधी दगडी भिंतीतला एक निसटलेला दगड परत बसवते. शेताच्या हद्दीवरची भिंत. दोन शेतं एक झाली असती तर मधली भिंत कोण कशाला सांभाळेल?

मी पुस्तक मिटलं आणि पक्ष्याची कविता सोडून दिली. मॅडमना फोन करून सांगितलं.

“ताई, तीच कविता? जिच्यात गेल्या वेळी तुम्ही...”

“तीच.”

“तोंडी घ्यायला बाहेरचे सर येणार आहेत. खोलात जातात. अडकवतील.”

“अडकवू देत. पक्ष्याबद्दल मला बोलण्यासारखं काही नाही, मॅडम. उडाला, संपलं.”

तोंडी परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यात आम्ही रांगेने उभे होतो. बाकीची सगळी विशीतली पोरं. माझ्यापुढे अक्कलकुव्याकडच्या पाड्यावरची एक मुलगी होती. घरी भिली बोलायची, शाळेत मराठी शिकली, आणि आता इंग्रजीत परीक्षा द्यायला आली होती. तिने मला विचारलं, “मॅडम, तुम्ही परीक्षा घ्यायला आल्या का?” मी म्हटलं, “नाही, तुझ्यामागेच आहे रांगेत.” मग तिने माझ्याकडून दोन स्पेलिंगं विचारून घेतली आणि आत गेली. ती हसत बाहेर आली, तेव्हा माझंही धैर्य वाढलं.

आत टेबलामागे बाहेरगावचे सर बसले होते, वयस्कर, गळ्यात मफलर. शेजारी आमच्या मॅडम. पुढचं सगळं इंग्रजीत झालं. माझं इंग्रजी सरळ रस्त्यावर बरं धावतं, वळणावर अडखळतं, हे आधीच सांगून ठेवते.

“कुठली कविता?”

मी सांगितलं.

“हीच का निवडली?”

“हिच्यात नापास झाले होते, सर.”

त्यांनी मान वर केली. आतापर्यंत ते कागदाकडे बघून बोलत होते. “मग आता काय सांगणार तिच्याबद्दल?”

मी शब्दावरून सुरुवात केली. चारी अर्थ सांगितले, प्रत्येक अर्थ कवितेत कुठे येतो ते सांगितलं. दबण्याचा अर्थ सांगताना पपईचं उदाहरण दिलं, दाबून मऊ आणि पिकून मऊ. पपई म्हटल्यावर त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी टेबलाकडे पाहिलं.

“ठीक,” ते म्हणाले. “म्हणजे शेवटी मुलगी नमते. म्हातारी होते, एकटी पडते, आणि आता ती यील्ड करते. शोकांतिका आहे. बरोबर?”

हो म्हटलं असतं तर सुटले असते. मॅडमनी तेच शिकवलं होतं, सरांनाही तेच वाटत होतं, आणि मला लागत होते ते गुण समोर ठेवलेले होते.

“नाही, सर.”

मॅडमनी मान वर केली.

“नाही?”

“ती म्हणजे मुलगी नाही. जमीन.”

“इंग्रजीत जमिनीला ती म्हणत नाहीत.”

“मीही वर्गात तेच शिकवते. पण या कवितेत म्हटलंय, सर. पहिल्या कडव्यात. बाप ढेकळाला लाथ घालतो आणि म्हणतो, ती कंजूष आहे.”

त्यांनी हात पुढे केला. मॅडमनी पुस्तक दिलं. त्यांनी पान काढलं, बोट ओळींवरून खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी पाठ केलेलं मोठ्याने म्हणत होतं, ते ऐकू येत होतं.

“एकाच ठिकाणी आहे,” ते म्हणाले.

“एकदाच पुरे आहे ना, सर? दुसऱ्यांदा शेवटी येतं.”

“शेवटची ती मुलगीही असू शकते. कवीने मुद्दाम दोन्ही ठेवलं असेल.”

“असेल. पण मुलगी नमली असती तर ती शेजाऱ्याच्या घरात असती. ती या शेतात उभी आहे. आणि माती हातात घ्यायच्या आधी भिंतीचा दगड बसवते. दोन्ही शेतं एक झाली असती तर ती भिंत राहिलीच नसती.”

“तुम्ही शेती करता?”

“करते. पण भिंत कवितेत आहे, सर.”

त्यांनी पुन्हा पुस्तकात पाहिलं. भिंत होती. ते खुर्चीत मागे टेकले. आता त्यांना मजा येऊ लागली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. इतकी वर्षं मी पोरांना विचारत आले, अर्थ काय, अर्थ काय, आणि आज मला कुणीतरी विचारत होतं आणि माझ्याकडे उत्तर होतं.

“मग आताच का?” ते म्हणाले. “बापाला जमिनीने काही दिलं नाही. हिला का दिलं?”

हे मी तयार करून गेले नव्हते. वळण आलं आणि मी अडखळले. दोन-तीन वाक्यं अर्धवट सोडली. मग जे सुचलं ते साध्या इंग्रजीत सांगितलं: बाप जोर लावत होता. जोराने फाटक सरतं, बैल वाकतो. मुलगी सरली नाही आणि जमीनही सरली नाही. मुलगी थांबली. जमिनीची वेळ झाली तेव्हा ती तिथे होती.

सरांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, “मला अजूनही वाटतं ती मुलगी आहे. इतक्या वर्षांचं मत असं एका सकाळी बदलत नाही. पण तुमचं म्हणणं कवितेत उभं राहतं. पाडायला मला जागा सापडत नाही.” आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, जे मला उलटं दिसत होतं आणि मी वाचण्याचा पूर्ण प्रयत्न केला.

मॅडम मागोमाग बाहेर आल्या. “ताई, ती भिंत तुम्हाला कुठे सापडली?”

“सासूबाईंनी जमीन कुणाला गेली विचारलं. मग शोधत बसले.”

“पुढच्या वर्षी मी ही कविता दोन्ही बाजूंनी शिकवणार. वर्गात भांडणं लावून देणार.”

“लावा. भांडणाशिवाय पोरं जागी राहत नाहीत.”

निकाल लागला तेव्हा मी शेतात ठिबकच्या नळ्या गोळा करत होते. फोनवर पेज उघडायला इतका वेळ लागला की मध्ये दोन ओळी गुंडाळून झाल्या. लेखीत मॅडम म्हणाल्या होत्या तशी काठावर. तोंडीत पैकीच्या पैकीला एकच कमी. तो एक सरांनी बहुतेक स्वतःच्या मतासाठी ठेवून घेतला असावा, आणि माझी हरकत नव्हती. नवऱ्याला हाक मारून सांगितलं. तो लांबूनच दोन्ही हात वर करून नाचल्यासारखं काहीतरी करायला लागला, आणि मजूर बायका काम सोडून बघत राहिल्या. सासूने मात्र घरी गेल्यावर नीट चौकशी केली.

“पास व्हयनी?”

“हां, आई.”

“आनि वावर?”

“पोरकडेच ऱ्हायनं.”

“मंग बरं,” ती म्हणाली, आणि चप्पल घालून गल्लीत निघाली. संध्याकाळपर्यंत तिने दहा घरी सांगून आणलं की मन्ही वऊ बी.ए. व्हयनी, तेबी इंग्रजी. शिवाय परीक्षेतल्या त्या पोरीने जमीन सोडली नाही हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी गिरणीवर एका बाईने मला विचारलं की ती पोर कुठल्या गावची.

जूनमध्ये गुणपत्रक घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं, अभिनंदन केलं, चहा मागवला. चहा आल्यावर म्हणाले, “मॅडम, एक अडचण झाली. मी धुळ्याच्या सरांना शब्द देऊन बसलो. असं करू, नववी-दहावी तुम्ही घ्या, आठवी त्यांना देऊ. दोघांचंही होईल.”

आठवी गेली की माझ्या तासिका पुऱ्या होत नव्हत्या, आणि तासिका पुऱ्या नसल्या की अर्धवेळ शिक्षिका. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

“दिवाळीआधी तुम्ही काय म्हणाला होतात, सर? पेपर सुटला तर उत्तम. सुटला.”

“हो, पण थोडं समजून...”

“आठवी, नववी, दहावी. तिन्ही.”

“सरांना मी काय सांगू?”

“जागा भरली म्हणून सांगा. एम.ए. आहेत, त्यांना कुठेही मिळेल.” मिळालीही. दोंडाईच्याकडे लागले, असं पुढे कळलं.

मुख्याध्यापकांनी चहा संपवला, वेळापत्रकाचा तक्ता पुढे ओढला, आठवीच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलेलं खोडलं आणि माझं आद्याक्षर पेनने घातलं. मी उभं राहून तिन्ही चौकोन बघून घेतले आणि मग बाहेर पडले.

पहिला तास दहावीवर होता. चाळीसेक पोरं-पोरी उभी राहून एका सुरात गुड मॉर्निंग म्हणाली, तसं सगळीकडे म्हणतात. बसा म्हटलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने पुस्तक उघडून पहिला धडा काढून ठेवला होता. कविता शेवटी ठेवायच्या आणि वेळ नाही म्हणून गाळायच्या, ही या शाळेची जुनी पद्धत.

“धडे नंतर,” मी म्हटलं. “आधी कविता काढा. एकेका शब्दाला किती अर्थ निघतात ते बघू. जो जास्त भांडेल त्याला जास्त गुण.”

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “मॅडम, मराठीत भांडलं तर चालेल का?”

“अहिराणीत भांड,” मी म्हटलं आणि खडू उचलला.